रात्री आणि रविवारी वॉर्डात कोऑर्डिनेटर नको, हा निर्णय मागे घ्या : रुग्णालय व्यवस्थापनास खुले पत्र

मा. विश्वस्त मंडळ, वैद्यकीय संचालक आणि ऑपरेशन्स विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या १ तारखेपासून वॉर्ड कोऑर्डिनेटरच्या ड्युट्या बदलणार असल्याचे परिपत्रक लागले आहे. आजवर ३० खाटांच्या वॉर्डाला सकाळी एक, दुपारी एक आणि रात्री दोन मजल्यांत मिळून एक असे आम्ही असायचो. आता दिवसा दोन मजल्यांना, म्हणजे ६० खाटांना, एकच जण राहील. रात्री ८ ते सकाळी ८ आणि रविवारी पूर्ण दिवस कोणीच नसेल. ‘त्या वेळेतले समन्वयाचे काम नर्सिंग स्टाफ बघेल’ असे एक वाक्य त्यात आहे. त्याच कागदावर खाली, डॉक्टरांनी डिस्चार्ज सांगितल्यापासून तीन तासांत खाट रिकामी झाली पाहिजे, असे उद्दिष्टही दिले आहे.

या दोन गोष्टी एकत्र जमणार नाहीत. का जमणार नाहीत, ते आम्ही आतल्या मीटिंगमध्ये तोंडी सांगितले, लेखी दिले. उत्तर आले नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर ठेवत आहोत. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. कुणाची बदनामी करायची नाही, आणि असा निर्णय उद्या दुसऱ्या कुठल्याही रुग्णालयात होऊ शकतो. ज्यांचे माणूस आज कुठे तरी दाखल आहे, त्यांनाही काउंटरमागे काय चालते ते कळायला हवे.

यात आमचा स्वार्थ आहे, तो आधीच सांगतो. ड्युट्या कमी झाल्या की आमच्यातल्या काहींची नोकरी जाणार आणि उरलेल्यांवर दुप्पट खाटा येणार. पण तेवढ्यासाठीच भांडायचे असते तर युनियनमार्फत भांडलो असतो. पेशंट दाखल होताना नातेवाइकांच्या हातात जो फोन नंबर दिला जातो, तो आमचा असतो. पेशंटचे काही अडले की पहिला फोन आम्हाला येतो, आणि १ तारखेनंतर रात्री तो फोन वाजेल तेव्हा उचलायला कोणी नसेल.

आमचे काम नेमके काय, याबद्दल वरच्या मजल्यावर गैरसमज असावा असे परिपत्रकाच्या भाषेवरून वाटते. आम्ही इंजेक्शन देत नाही, बीपी घेत नाही, संमतिपत्र समजावून सांगत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट लॅब, एक्स-रे, फार्मसी, किचन, ब्लड बँक, बिलिंग, टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणारी संस्था) डेस्क, हाउसकीपिंग अशा आठ-दहा ठिकाणांहून फिरून पेशंटपर्यंत येते. ती वाटेत कुठे अडली हे शोधायचे आणि सोडवायचे, हे आमचे काम. काउंटरवर आमचे लांबट रजिस्टर असते. त्यात डावीकडून बेड नंबर, यूएचआयडी (पेशंटचा रुग्णालयातला नंबर), काय बाकी, कोणाकडे, किती वाजता सांगितले, फोनवर कोण बोलले आणि शेवटी ‘झाले’ची वेळ असे रकाने असतात. एका सकाळचे पान साधारण असे दिसते: बेड ४, कॉन्ट्रास्ट सीटी, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट नाही म्हणून थांबला. बेड ९, फिजिशियनचे क्रॉस रेफरन्स (दुसऱ्या डॉक्टरांचे मत), ओपीडी संपल्यावर येणार. बेड १७, एमआरआय, ऑक्सिजनवर आहे, सोबत सिलिंडर आणि सिस्टर लागणार. बेड २२, डिस्चार्ज, औषधांचे रिटर्न बाकी. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ते काम झालेले नाही, मग संगणकावर काहीही दिसो.

हे रजिस्टर सिस्टरांनी सांभाळावे असे आपले म्हणणे आहे. सिस्टर औषधांचा राऊंड करत असताना इंटरकॉम वाजला की एक तर फोन वाजत राहणार किंवा सिस्टर ट्रे ठेवून फोन घ्यायला येणार. औषध देताना मध्येच उठावे लागणे हे चुकीच्या डोसचे एक जुने, माहीत असलेले कारण आहे. म्हणूनच औषधाच्या वेळी सिस्टरांना हाक मारू नका, असा फलक आपणच प्रत्येक वॉर्डात लावला आहे.

आता डिस्चार्जबद्दल. परिपत्रकातला सगळा भर त्यावर आहे आणि सर्वांत जास्त भांडणेही तिथेच होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राऊंडला डॉक्टर ‘आज सोडू या’ म्हणाले की नातेवाईक घरी फोन करतात, गाडी बोलावतात. त्यांच्या मनात डिस्चार्ज झालेला असतो. प्रत्यक्षात तो फाईलवर लिहिलेला नसतो. लिहिला तरी हृदयाच्या किंवा मधुमेहाच्या डॉक्टरांचा ‘फिट’ शेरा बाकी असतो. मग आरएमओ (निवासी डॉक्टर) समरी, म्हणजे आजार आणि उपचारांचा सारांश, लिहितात, ती टाईप होते, कन्सल्टंट तपासून सही करतात. याच समरीत पुढच्या निम्म्या अडचणींचे मूळ असते. दाखल होताना विमा कंपनीला पाठवलेल्या फॉर्ममध्ये निदान एक आणि समरीत दुसरे, उजवा-डावा उलटा, आजार किती दिवसांपासून आहे त्याचा आकडा वेगळा, मोतीबिंदूची लेन्स किंवा स्टेंट बसवला पण त्याचा स्टिकर फाईलला चिकटवलेला नाही. यातले काहीही राहिले की टीपीएकडून क्वेरी येणार हे नक्की. सहीच्या आधी समरी आणि प्रीऑथचा, म्हणजे दाखल होतानाच्या आगाऊ मंजुरीचा, फॉर्म शेजारी ठेवून ताडून पाहणे हे दहा मिनिटांचे काम आहे. ती दहा मिनिटे आम्ही देतो. दोन मजल्यांवर मिळून एका सकाळी दहा-बारा डिस्चार्ज असले तर ती मिळणार नाहीत.

समरी चालू असतानाच औषधांचे रिटर्न करावे लागते. उरलेल्या स्ट्रिप्स, न फोडलेल्या व्हायल, सलाईनच्या बाटल्या यांची सिस्टमवर नोंद होते, मामा (वॉर्डबॉय) त्या खाली फार्मसीत नेतात, तिथे मोजून घेतात. नोंद दहा व्हायलची आणि पिशवीत नऊ असल्या की रिटर्न अडते. ते अडले की अंतिम बिल उघडतच नाही. शिवाय लॅब, फिजिओथेरपी, ऑक्सिजनचे तास, ओटीतले सामान यांपैकी एखाद्या विभागाने चार्ज टाकलेला नसतो. प्रत्येक विभागाला फोन करून ‘बेड २२ चे तुमच्याकडे काही बाकी?’ असे विचारावे लागते. हे फोन आदल्या संध्याकाळी केले तर सकाळचा दीड-दोन तास वाचतो. उद्या कोण जाऊ शकेल याची यादी संध्याकाळच्या राऊंडनंतर करायची, रिटर्न आणि चार्जेस रात्रीच निपटवायचे, समरीचा कच्चा मसुदा तयार ठेवायचा, हे रात्रीच्या कोऑर्डिनेटरचे काम आहे. रात्रीची ड्युटी काढून सकाळचा डिस्चार्ज लवकर कसा होईल, हे आम्हाला खरोखर समजलेले नाही.

विमा नियामकांच्या २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसच्या पहिल्या मागणीवर विमा कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती रक्कम विमा कंपनीने सोसायची आहे. नातेवाईक हा नियम मोबाईलवर काढून दाखवतात आणि ते बरोबरच करतात. पण ते तीन तास आपल्याकडून अंतिम बिल आणि कागद गेल्यापासून मोजायचे असतात. डॉक्टर ९ वाजता बोलले आणि कागद २ वाजता गेले, तर मधले पाच तास आपले, विमा कंपनीचे नव्हेत. परिपत्रकातल्या तीन तासांत हे दोन्ही एकत्र धरले आहेत. विमा कंपनीने तिची पूर्ण मुदत वापरली तर आपल्या कामाला शून्य मिनिटे उरतात. असे उद्दिष्ट पाळायचे तर एकच वाट उरते: डिस्चार्जची वेळ फाईलवर उशिरा लिहायची. ती वेळ आली तर आम्ही तसे करणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

मंजुरी आली तरी माणूस लगेच बाहेर पडत नाही. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा ५,००० आणि घेतलेली खोली ८,००० ची असेल, तर नातेवाइकांना वाटते की रोजचे ३,००० भरायचे. अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, ओटीचे भाडे असे संलग्न खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठात पाच इतकेच, मंजूर होतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या त्यातून वगळलेल्या असतात. हे खोली निवडतानाच सांगायला हवे. शेवटच्या दिवशी बिलिंगच्या खिडकीशी कळले की भांडण होणारच, आणि माणसाचे त्यात चुकत नाही. पैसे भरले, गेटपास मिळाला, मग हातातली सलाईनची सुई काढायची, घरी घ्यायच्या गोळ्या समजावायच्या, व्हीलचेअर आणायची. सुई तशीच ठेवून पेशंट लिफ्टपर्यंत जातो, असे घाईत होते. गेटपास देण्याआधी दोन्ही हात बघायचे, हा आमचा अलिखित नियम आहे.

दुसरी गोष्ट जेवणाच्या ट्रेची. ती किरकोळ वाटेल, पण धोका इथे सर्वांत जास्त आहे. तपासणीसाठी पेशंट सकाळपासून एनबीएम, म्हणजे तोंडाने काही नाही. तपासणी ११ ला होते, डॉक्टर जेवण सुरू करायला सांगतात, सिस्टर फाईलमध्ये लिहितात. किचनच्या यादीत मात्र त्या खाटेपुढे अजून एनबीएमच असते, कारण यादी सकाळीच छापली गेली. साडेबाराला ठरल्याप्रमाणे साधे इन्सुलिन दिले जाते, ते जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी द्यायचे असते. एक वाजता ट्रॉली त्या खाटेपुढून तशीच पुढे जाते. पेशंट वयस्कर असेल, अर्धवट झोपेत असेल, तर तो मागतही नाही. पावणेदोनला घाम, थरथर, साखर ७० च्या खाली. मग तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि शुद्ध हरपली असेल तर शिरेतून ग्लुकोज. यात एकट्या सिस्टरांची चूक नाही आणि किचनचीही नाही. मधला फोन झाला नाही. एनबीएम उठले की आहारतज्ज्ञांना फोन, बोलणाऱ्याचे नाव आणि वेळ रजिस्टरमध्ये, आणि ट्रे खाटेशी पोचल्याची खूण, एवढेच करायचे असते. ६० खाटांत हा फोन पहिला राहून जाईल, कारण तो राहिल्यावर लगेच कोणी ओरडत नाही.

ऑपरेशनच्या यादीचेही तसेच. सकाळी ८ ची केस दुपारी ३ वर गेली, तरी पेशंट मध्यरात्रीपासून उपाशीच पडून असतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला तर बहुतेक वेळा ते दोन तास आधीपर्यंत पाणी चालेल म्हणतात. पण हे कोणी तरी विचारावे लागते.

रक्ताची पिशवी आणायला मामांना पाठवण्याआधी आम्ही तीन गोष्टी बघतो: संमतीवर सही आहे का, शिरेत चालू सुई आहे का, आणि चढवायला सिस्टर मोकळ्या आहेत का. पिशवी ब्लड बँकेच्या फ्रीजबाहेर निघाली की अर्ध्या तासाच्या आत चढवायला घ्यायची, नाही तर त्या मुदतीत परत करायची, आणि चढवायला लागल्यापासून चार तासांत संपवायची. वॉर्ड तयार नसताना पिशवी आली तर ती काउंटरवर पडून राहते आणि फेकावी लागते. त्यामागे एका माणसाने दिलेले रक्त असते.

आता रात्रीबद्दल. रात्री काही काम नसते, असे गृहीत धरूनच हा निर्णय झालेला दिसतो. इमर्जन्सीतून रात्री येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना आपले हक्क माहीत नसतात. आपले रुग्णालय सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेले आहे. कलम ४१ एए आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना आपल्याला लागू आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, आणि अशा रुग्णांकडून दाखल करताना अनामत मागायची नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत इमर्जन्सी मंजुरी आधी फोनवरून घेता येते आणि कागद मागाहून जोडता येतात. पॅकेजमध्ये पेशंटचे जेवण आणि घरी परतण्याचा प्रवासखर्चही धरलेला आहे. हे सगळे रात्री दोन वाजता कोणी सांगायचे? आरोग्यमित्र (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) आणि समाजसेवा अधीक्षक यांचे टेबल रात्री बंद असते. रात्रीची कोऑर्डिनेटर रेशन कार्ड आणि आधार कार्ड बघते, योजनेच्या हेल्पलाइनला फोन लावते, फाईलवर ‘योजनेचा पेशंट, अनामत घेऊ नये’ असा शेरा मिळवते. तो शेरा पहिल्या रात्री पडला नाही तर पेशंट रोखीचा म्हणून दाखल होतो. मग घरचे दागिने गहाण टाकतात, आणि सकाळी योजनेत बसतो हे कळल्यावर पावत्या फिरवायला चार दिवस जातात.

आणि मृत्यू. वॉर्डात रात्री माणूस गेला की मृत्यूच्या कारणाचा नमुना ४ भरावा लागतो. त्यात नाव आधारवर आहे तसेच, अक्षरन् अक्षर जुळवून लिहायचे. चुकले तर पुढे दाखला, बँक, विमा, पेन्शन सगळीकडे ते कुटुंब महिनोन्‌महिने हेलपाटे घालते. अपघात किंवा विषबाधेची केस असेल तर पोलिसांना कळवणे, पंचनामा, शवविच्छेदन हे नातेवाइकांना नीट समजावून सांगावे लागते. शववाहिका बोलवावी लागते. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवता येत नाही, हे महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे. तरीही रात्री खिडकीवरचा नवा माणूस ‘आधी बिल’ म्हणू शकतो, आणि त्याला तिथेच थांबवायला कोणी तरी जबाबदार माणूस लागतो. त्या वेळी सिस्टर उरलेल्या २९ पेशंटांकडे असतात आणि तिथेच असायला हव्यात.

आमच्या स्वतःच्या अडचणी थोडक्यात. ड्युटीचा फोन मिळत नाही, म्हणून खासगी नंबर वाटला जातो. सुट्टीच्या दिवशी, रात्री-अपरात्री अनोळखी माणसांचे फोन येतात, त्यात मुलींना फार त्रास होतो. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरच्या हिंसेविरुद्ध २०१० चा राज्याचा कायदा आहे. त्यातल्या व्याख्येत डॉक्टर, नर्स, त्यांचे विद्यार्थी आणि पॅरामेडिकल कर्मचारी आहेत. आमच्या पदाचे नाव त्यात नाही, आणि संतापलेला जमाव पहिल्यांदा येतो तो आमच्या काउंटरवर. नमुन्यांच्या पिशव्या आमच्या टेबलावर ठेवल्या जातात, तरी हिपॅटायटिस बीच्या लसीच्या यादीत आम्ही नाही. ० , १ आणि ६ महिने असे तीनच डोस असतात.

आमच्या मागण्या अशा आहेत.

परिपत्रकाची अंमलबजावणी थांबवा. सकाळी आणि दुपारी ३० खाटांना एक कोऑर्डिनेटर, रात्री दोन मजल्यांना एक, आणि रविवारी रात्रीइतके तरी मनुष्यबळ, ही किमान गरज आहे. दोन पाळ्यांमध्ये अर्धा तास एकत्र ठेवा, म्हणजे रजिस्टर खाट-खाट वाचून हातात देता येईल.

डिस्चार्जचा वेळ टप्प्याटप्प्याने मोजा. राऊंड ते फाईलवर लेखी सूचना, तिथून समरीवर सही, मग रिटर्न आणि अंतिम बिल, मग विमा कंपनीची मंजुरी, शेवटी पेशंट खाटेवरून उठेपर्यंत. प्रत्येक टप्प्याला वेगळा जबाबदार विभाग ठरवा. ‘उद्याचे डिस्चार्ज’ ही यादी आदल्या दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत कन्सल्टंटांकडून मिळावी.

एनबीएम उठल्याची नोंद फाईलमध्ये झाली की ती किचनच्या यादीत आपोआप दिसेल अशी सोय संगणकात करा. तोवर हा फोन कोणी करायचा ते लेखी ठरवा.

कोऑर्डिनेटरने काय करायचे नाही, तेही लेखी द्या. संमतीपत्र समजावणे, रिपोर्टचे आकडे नातेवाइकांना फोनवर सांगणे, तोंडी औषधाची ऑर्डर लिहून घेणे ही कामे आमच्याकडून करून घेतली जाऊ नयेत. माणसे कमी पडली की नेमकी हीच कामे हळूच आमच्याकडे सरकतात.

रात्री योजनेचा पेशंट आला तर निर्णय कोणाचा, त्यांचे नाव आणि फोन दर महिन्याच्या ड्युटी यादीत छापा. योजना आणि राखीव खाटांची माहिती इमर्जन्सीच्या दारात मराठीत, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत लावा.

प्रत्येक काउंटरला रुग्णालयाचा मोबाईल द्या. मारहाण किंवा धमकी झाली तर पोलिसांत तक्रार रुग्णालयाने स्वतःच्या नावाने करावी, कर्मचाऱ्याला एकटे पाठवू नये. लसीकरणाच्या यादीत आम्हाला घ्या. एजन्सीमार्फत आलेल्या आणि थेट नेमलेल्या कोऑर्डिनेटरचे काम एकच आहे, त्यांचा पगार आणि रजाही एकच असाव्यात.

१ तारखेच्या आत आम्हाला भेटीची वेळ द्या. त्या मीटिंगला नर्सिंग सुपरिटेंडेंट, बिलिंग, फार्मसी आणि किचनचे प्रमुख हवेत, कारण यातले एकही काम आमच्या एकट्याचे नाही. आम्ही गेल्या तीन महिन्यांची तिन्ही पाळ्यांची रजिस्टरे घेऊन येऊ. रात्री ८ ते सकाळी ८ मधली कोणतीही पाने आपण निवडा आणि त्यातली प्रत्येक ओळ नव्या व्यवस्थेत कोण पूर्ण करणार, ते त्याच रकान्यात नाव घालून आम्हाला द्या.

आपल्या,
वॉर्ड कोऑर्डिनेटर
सकाळ, दुपार आणि रात्र पाळी